वाचकांचे प्रश्न : लिव्हर धनुष्याचे टायमिंग का बिघडते?

मासे टिपण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या लिव्हर पद्धतीच्या धनुष्यांविषयी कोल्हापूर जिल्ह्यातून आलेल्या पाच पत्रांना या वेळच्या सदरात उत्तरे देत आहे. ही धनुष्ये प्रामुख्याने अमेरिकेत वापरली जातात. आपल्याकडे ती बहुधा नातेवाइकांच्या सामानातून येतात, पुष्कळदा आधी वापरलेली असतात आणि सोबत माहितीपुस्तिका क्वचितच असते. त्यामुळे बिघाड झाला की विचारायचे कोणाला, हा प्रश्न उरतोच. पहिल्या पत्रात या धनुष्याचा सगळा गाभा आला असल्याने त्याला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : माझा शिवाजी उद्यमनगरात लेथचा छोटा कारखाना आहे. अमेरिकेत राहणाऱ्या भाच्याने दोन वर्षांपूर्वी तिथे वापरलेले ४५ पौंडांचे लिव्हर धनुष्य मला आणून दिले. पहिले वर्ष ते उत्तम चालले. गेल्या पावसाळ्यानंतर मात्र ओढताना मध्येच अडखळल्यासारखे वाटू लागले, बाण सुटताना मूठ हातात उसळू लागली आणि बाण खाली जाऊ लागले. वरच्या पात्याचा बोल्ट दोन फेरे आवळल्यावर बाण जागेवर आले, म्हणून तसेच वापरत राहिलो. तीन आठवड्यांत टायमिंग केबलच्या तारा तुटून बाहेर आल्या. आता वरच्या पात्याच्या पिनेत प्लेही (सैलपणा) जाणवतो. पिन आणि ती जिच्यात फिरते ती नळी, म्हणजे बुश, मी स्वतः बनवू शकतो. बनवावेत का? नवी केबल घातल्यावर जुळवणी कोणत्या क्रमाने करावी?
— एक वाचक, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

उत्तर : आधी एक कळकळीची विनंती. केबल बदलेपर्यंत हे धनुष्य एकदाही ओढू नका, नुसते पाहण्यासाठीसुद्धा नाही. तारा तुटलेली केबल पूर्ण ताणात तुटली, तर धनुष्यात साठलेला सगळा जोर ओढणाऱ्याच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर मोकळा होतो.

आता बिघाडाकडे वळू. ऑइल इंजिनांच्या कोल्हापुरात टायमिंग म्हणजे काय हे तुम्हाला समजावण्याची गरज नाही. टायमिंग गिअरचा एक दात चुकला तर इंजिन धक्के देते. इथेही प्रकार तोच आहे, फरक एवढाच की या यंत्रात दात नाहीत आणि सगळा मेळ केबलच्या लांबीवर अवलंबून आहे. लिव्हर धनुष्याला वर आणि खाली दोन-दोन पाती असतात. दोरी बाहेरच्या वळणदार पात्यांच्या टोकांना बांधलेली असते. दोरी ओढली की बाहेरचे पाते आपल्या पिनेभोवती तरफेसारखे फिरते, त्याच्या बुडाशी असलेला कॅम (केबल ओढणारे चाक) केबल ओढतो आणि त्या केबलच्या जोराने आतले जाड पाते वाकते. शक्ती मुख्यतः या आतल्या पात्यात साठते. वरची आणि खालची तरफ एकाच वेळी, एकाच मापाने फिरणे हेच टायमिंग, आणि त्यासाठी दोहोंना जोडणारी टायमिंग केबल असते.

दोन्ही बाजूंचा जोर सारखा असतो तेव्हा टायमिंग केबलवर फारसा भार येत नाही. तिचे काम दोघांना बरोबर ठेवण्याचे, म्हणजे बैलगाडीच्या जुवासारखे असते. एका बाजूचा जोर वाढला की तो फरक रोज, प्रत्येक बाणाला, या केबलला सोसावा लागतो. तुम्ही वरचा बोल्ट दोन फेरे आवळलात तेव्हा नेमके हेच घडले असावे. वरची तरफ मागे पडत होती. जोर वाढवल्याने ती खालच्या तरफेबरोबर आली आणि बाण जागेवर गेले. पण ती मागे का पडत होती, हे कारण तसेच राहिले आणि त्यावर दोन बाजूंच्या जोरातील फरकाची भर पडली. केबल लहान व्यासाच्या चाकावरून वळते तिथे तारांना आधीच पुनःपुन्हा वाकण्याचा थकवा असतो. तुमच्या केबलच्या तारा बहुधा त्याच जागी तुटल्या असतील. पाहा आणि खात्री करून घ्या, कारण त्या दुसरीकडे, म्हणजे चाकाच्या कडेवर किंवा केबलच्या टोकाशी तुटल्या असतील, तर चाकाची कड धारदार झाली आहे का हे तपासावे लागेल. तशी कड असेल तर नवी केबलही थोड्याच दिवसांत जाईल.

तरफ मागे पडण्याची कारणे बहुतेक वेळा तीनच असतात : केबल ताणून लांब होणे, पिन-बुश झिजणे आणि आतल्या पात्यात चीर पडून त्याचा जोर कमी होणे. तुमच्याकडे पिनेचा प्ले स्पष्टच दिसतो आहे. तरीही उरलेली दोन कारणे तपासल्याशिवाय सोडू नका.

केबल किती ताणली म्हणजे बिघाड दिसतो, याचा अंदाज पुष्कळांना नसतो. समजा, कॅमची त्रिज्या २५ मिलिमीटर आहे आणि पिनेपासून बाहेरच्या पात्याचे टोक ३०० मिलिमीटरवर आहे. केबल फक्त १ मिलिमीटर लांब झाली, तर कॅम सुमारे सव्वादोन अंश मागे राहतो आणि पात्याचे टोक तब्बल १२ मिलिमीटर मागे राहते. म्हणजे डोळ्यांना न दिसणारा ताण टोकापर्यंत जाता जाता बारा पटींनी वाढतो. पिनेचेही तसेच आहे. बुशची लांबी ३० मिलिमीटर धरली आणि तिच्या दोन टोकांत मिळून ०.१ मिलिमीटरचा प्ले असला, तर ३०० मिलिमीटरवरचे टोक १ मिलिमीटर आडवे हलते. तुमच्या धनुष्याची मापे वेगळी असतील. ती घेऊन हेच गणित करा, म्हणजे कोणता दोष किती मोठा आहे ते आकड्यांत कळेल. हा गुणाकार ठाऊक असणारा माणूस बोल्टला हात लावण्याआधी व्हर्निअर हातात घेतो.

प्ले तपासताना एक चूक नेहमी होते. दोरी चढवलेली असताना पिन ताणामुळे बुशच्या एका बाजूला दाबून बसलेली असते, त्यामुळे टोक हलवून पाहिले तरी काही जाणवत नाही. धनुष्य निर्मात्याने सांगितलेल्या पद्धतीने पूर्ण सैल केल्यावरच प्ले उघडा पडतो. मूठ बाकावरच्या व्हाइसमध्ये नीट पकडा, त्याच्या जबड्यात लाकडाचे गुटके घाला, पात्याच्या टोकाला डायल गेज लावा आणि दोन्ही दिशांना हलक्या हाताने दाबून वाचन घ्या. वरचे आणि खालचे वाचन शेजारी-शेजारी लिहून ठेवा. धनुष्य सैल करण्यासाठी काही प्रकारांत प्रेस लागतो, तर काहींत आतल्या पात्यांचे बोल्टच मर्यादित फेरे मागे घ्यायचे असतात. तुमचे कोणत्या प्रकारचे आहे हे कळल्याशिवाय सुरुवात करू नका. भाच्याला निर्मात्याकडून माहितीपुस्तिकेची प्रत मागवायला सांगा.

पिन आणि बुश स्वतः बनवावेत का, या प्रश्नाला मी दोन वेगळी उत्तरे देतो. बुश अवश्य बनवा. गनमेटलचा बुश उद्यमनगरात तुमच्याइतका चांगला कोण बनवणार? ८ मिलिमीटरच्या आसपासच्या पिनेला ०.०२ ते ०.०४ मिलिमीटरची मोकळीक पुरते. बुश पिनेपेक्षा मऊ असावा, म्हणजे झीज बुशवर येईल आणि बदलायचा भाग स्वस्तातला राहील. पिनेबाबत मात्र सावध राहा. मूळ पिनेचे पोलाद कोणते आणि त्याला कठीणपणा किती दिला आहे, हे माहीत नसताना साध्या ईएन-८ पोलादाची, उष्णताप्रक्रिया न केलेली पिन घालू नका. वाकलेली पिन झिजलेल्या पिनेपेक्षा वाईट, कारण ती फिरता फिरता टायमिंग बदलत राहते. शक्य असेल तर पिन निर्मात्याचीच मागवा. रायझरमधले, म्हणजे पाती ज्याला जोडलेली असतात त्या मुठीच्या मधल्या भागातले, भोक लंबगोल झाले असेल, तर रीमर मारून मोठी पिन बसवण्याचा मोह टाळा. रायझर मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि भोकाभोवतीची भिंत मुळातच पातळ असते. ती आणखी पातळ केली तर तडा त्या जागीच जाईल. अशा वेळी रायझर बाद करणे हाच मार्ग आहे. हे वाचून वाईट वाटेल याची मला कल्पना आहे, पण इथे काटकसर करू नका.

चिरेसाठी कापसाचा बोळा घ्या. तो चारही पात्यांच्या दोन्ही अंगांवरून आणि विशेषतः कडांवरून हलकेच फिरवा. काचतंतू उचकटलेला असेल तिथे कापसाचे तंतू अडकतात. बोल्टच्या भोकापासून निघणारी रेघ, पांढरट पडलेला पट्टा किंवा थर सुटल्यासारखा फुगवटा दिसला, तर ते पाते निकामी समजावे. अशा पात्याला इपॉक्सी लावून ते वाचत नाही. पाती बदलताना वरचे-खालचे जोडीनेच बदलावे, आणि केबलींचेही तसेच करावे. एक जुनी आणि एक नवी केबल एकत्र घातली की नवी केबल बसताना थोडी ताणते, जुनी ताणत नाही आणि महिनाभरात पुन्हा तुमचे पत्र येईल.

हे सगळे झाल्यावर जुळवणी. आतल्या पात्यांचे दोन्ही बोल्ट जोर न लावता शेवटपर्यंत आत न्या आणि तिथून दोन्ही सारखेच फेरे मागे घ्या. तुम्ही आवळलेले दोन फेरे या पायरीत आपोआप निघून जातील. बोल्टच्या डोक्यावर आणि शेजारी रंगाची खूण करा. दोरी चढवल्यावर वरच्या आणि खालच्या पिनेपासून दोरीचे काटकोनातले अंतर मोजा. दोन्ही अंतरे निर्मात्याने दिलेल्या नात्यात असली पाहिजेत. मुठीपासून दोरीपर्यंतचे अंतरही याच वेळी मोजून लिहा, कारण पुढे दोरी ताणली की सर्वांत आधी हा आकडा बदलतो.

टायमिंग तपासण्यासाठी धनुष्य हाताने ओढून दुसऱ्याला बघायला सांगू नये. लाकडी फळीवर मूठ अडकवण्याची खुंटी आणि दुसऱ्या टोकाला रॅचेट असलेली हातविंच बसवा. हे तुमच्या कारखान्यात अर्ध्या दिवसाचे काम आहे. दोन्ही कॅमवर एकाच जागी बारीक खूण करा. मोबाइल तिवईवर, फळीच्या बरोबर मध्यावर आणि काटकोनात ठेवा, नाहीतर तिरक्या कोनामुळे वरची-खालची मापे उगाच वेगळी दिसतील. विंचेने दोरी हळूहळू ओढा आणि सुरुवात, मध्य आणि पूर्ण ताण अशा तीन अवस्थांत छायाचित्रे घ्या. शेवटी दोन्ही कॅम एकाच क्षणी थांब्याला, म्हणजे ओढ जिथे संपते त्या अडसराला, टेकले पाहिजेत. एक आधी आणि दुसरा नंतर टेकत असेल, तर ओढणाऱ्याला दोनदा अडल्यासारखे वाटते. तुम्ही लिहिलेले अडखळणे तेच असावे. ही चूक टायमिंग केबलच्या जुळवणी स्क्रूनेच दुरुस्त करावी. केबल कृत्रिम धाग्याची असेल तर एका वेळी फक्त अर्धा पीळ द्यावा किंवा काढावा. आतल्या पात्याच्या बोल्टने टायमिंग जुळवू नये; तुमच्या केबलच्या तारा बहुधा त्यातूनच तुटल्या.

शेवटी लटकत्या काट्याने ड्रॉ वेट, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, मोजा. ४५ पौंड म्हणजे सुमारे २०.४ किलो. आकडा त्याहून बराच वेगळा आला, तर दोन्ही बोल्ट पाव-पाव फेऱ्याने बरोबरीने फिरवा. त्यानंतर नॉकची, म्हणजे बाणाचे मागचे टोक दोरीवर बसते त्या जागेची, उंची ठरवा आणि पाच-सहा मीटरवरून, मागे मातीचा भक्कम बांध ठेवून, मासेमारीच्याच जड बाणांनी तपासा. कागदावर मारायचे हलके बाण यात घालू नका. धनुष्याच्या प्रत्येक पौंडामागे बाणाचे वजन किमान ५ ग्रेन असावे, हा सर्वसाधारण नियम आहे. ४५ पौंडांना २२५ ग्रेन, म्हणजे सुमारे साडेचौदा ग्रॅम. मासेमारीचा काचतंतूचा भरीव बाण हजार ग्रेनच्या वर जातो, म्हणून धनुष्य त्याच्यासोबत सुखात असते. हलका बाण किंवा बाण न लावता सोडलेली दोरी यांमुळे तो सगळा जोर परत पात्यांत आणि केबलींत जातो. नव्या केबली पहिल्या शंभर-दीडशे बाणांत बसतात. तेवढे मारून झाल्यावर तीच तीन छायाचित्रे पुन्हा घ्या आणि जुन्यांशी ताडून पाहा.

प्रश्न : हिरण्यकेशीच्या काठी सराव करताना माझा बाण त्याला बांधलेल्या दोरखंडासह उलटा आला आणि माझ्या कानाजवळून गेला. धनुष्याची जुळवणी चुकल्यामुळे असे होते का? दोरखंड गुंडाळायचे रील साध्या गळाच्या धाटणीचे, बटण दाबून मोकळे करायचे आहे.
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : तुम्ही सुखरूप आहात हे वाचून मनापासून बरे वाटले. धनुष्याच्या जुळवणीशी याचा संबंध नाही. दोष बाणाच्या दोरखंडात किंवा रीलमध्ये आहे आणि तो आजच दूर झाला पाहिजे, कारण धनुष्याने मासे मारण्याच्या या प्रकारातले सर्वांत गंभीर अपघात याच कारणाने होतात.

दोरखंड बाणाच्या मागच्या टोकाला थेट गाठ मारून बांधला असेल, तर तो धनुष्याच्या दोरीला, बोटांच्या पट्ट्याला, शर्टाच्या बटणाला किंवा केबलीला अडकू शकतो. लिव्हर धनुष्यात कॅम आणि चाके असल्याने अडकायच्या जागा साध्या धनुष्यापेक्षा अधिक असतात. बाण सुटतो, दोरखंड अडतो, थोडा ताणतो आणि बाणाला मारणाऱ्याच्या दिशेने परत फेकतो. यावर उपाय म्हणून बाणाच्या दांड्यावर पुढे-मागे सरकणारी लहान कडी मिळते. दोरखंड त्या कडीला बांधायचा. बाण ओढलेल्या अवस्थेत कडी पुढे, बाणाच्या टेकूच्या समोर राहते, त्यामुळे दोरखंड धनुष्याच्या दोरीजवळ येतच नाही. बाण सुटल्यावर कडी सरकत मागच्या अडथळ्याशी जाऊन थांबते. कडीशिवाय एकही बाण मारू नका.

दुसरे कारण तुमचे रील. बटण दाबायचे राहिले की दोरखंड सुटतच नाही आणि बाण उलटतो. मासा दिसल्यावर घाईत बटण विसरणे हा मनुष्यस्वभाव आहे, म्हणून सवयीवर विसंबण्यापेक्षा बाटलीत दोरखंड मोकळा पडून राहणारे, बटण नसलेले रील घेणे शहाणपणाचे. बटणाचेच ठेवणार असाल तर बाण दोरीला लावण्याआधी बटण दाबून हाताने हातभर दोरखंड ओढून पाहा आणि मगच बाण लावा. दोरखंडावर घासल्याची एकही जागा दिसली, तर त्या जागेसकट बाणाकडचा भाग कापून टाका.

नदीबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुष्कळ तलावांवर आणि जलाशयांवर मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. त्यांची परवानगी घेतल्याशिवाय तिथे उतरू नये. अभयारण्याच्या हद्दीत तर प्रश्नच येत नाही. घाटावर, जिथे लोक अंघोळीला आणि धुण्याला येतात, तिथे बाण लावूच नये. तिरका लागलेला बाण पाण्यावरून किंवा पायरीच्या दगडावरून उसळून कुठे जाईल, हे कोणालाच सांगता येत नाही.

प्रश्न : मी महाविद्यालयात कम्पाउंड धनुर्विद्येचा सराव करते. माझ्या काकांचे लिव्हर धनुष्य हातात घेतले तेव्हा ते अगदी वेगळे वाटले. त्यावर सराव केला तर माझ्या स्पर्धेच्या तयारीला मदत होईल का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तुमच्या धनुष्यात आणि काकांच्या धनुष्यात कॅम आणि केबल ही कल्पना समान आहे. अमेरिकेतील हॉलेस विल्बर ॲलन यांनी कम्पाउंड धनुष्याच्या पेटंटसाठी १९६६ मध्ये अर्ज केला आणि १९६९ मध्ये त्यांना ते मिळाले. त्यांच्या धनुष्यात चाके पात्यांच्या टोकांवर होती. तुमच्या धनुष्यातही ती तिथेच असतात आणि दोरी त्यांच्यावरून जाते. लिव्हर धनुष्यात दोरी पात्याच्या वळणदार टोकाला बांधलेली असते, त्यामुळे ओढण्याची भावना रिकर्व्हच्या, म्हणजे चाके नसलेल्या वळणदार पात्यांच्या धनुष्याच्या, जवळ जाते. पूर्ण ताणात तुमच्या कम्पाउंडमध्ये हातावरचा भार एकदम घटतो. लिव्हर धनुष्यात तो सहसा तितका घटत नाही. मासा क्षणभर दिसतो, म्हणून मारणारा पूर्ण ताणापर्यंत न जाताच, बोटांनी, झटकन बाण सोडतो. लहान बांध्याच्या कम्पाउंडमध्ये दोरीचा कोन इतका अरुंद होतो की बोटे चिमटतात. लिव्हर धनुष्यात ही अडचण नसते आणि त्याचे खरे वैशिष्ट्य माझ्या मते हेच आहे.

तुमच्या तयारीला मात्र याने मदत होणार नाही, उलट नुकसान होण्याची शक्यता आहे. कम्पाउंडची स्पर्धा ५० मीटरवर, रिलीझ यंत्राने (दोरी बोटांऐवजी सोडणारे हातातले उपकरण), निवांत नेमावर होते. आपल्या शेजारच्या साताऱ्याच्या अदिती स्वामी आणि नागपूरचे ओजस देवतळे यांनी २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत वैयक्तिक सुवर्णपदके मिळवली. अंतिम फेरीत ओजस यांचे पंधराही बाण दहाच्या वर्तुळात गेले. असे सातत्य एकाच प्रकारच्या ओढीची सवय मुरली की येते. झटकन सोडण्याची सवय बोटांना लागली, तर ती घालवायला महिने जातात. स्पर्धेचा हंगाम संपल्यावर काकांच्या देखरेखीखाली हौस म्हणून अवश्य ओढून पाहा.

प्रश्न : धनुष्य जमिनीवर अगदी बरोबर लागते, पण शेततळ्यात प्रत्येक बाण माशाच्या वरून जातो. नॉक खाली-वर करून पाहिले, उपयोग झाला नाही. टायमिंग तपासून घ्यावे का?
— एक वाचक, शिरोळ तालुका

उत्तर : जमिनीवर बाण बरोबर लागतो, म्हणजे धनुष्य ठीक आहे. नॉक होता तिथे परत आणा. पाण्यातून येणारा प्रकाश हवेत येताना वाकतो, म्हणून मासा आहे त्यापेक्षा वर दिसतो. सरळ खाली पाहिले तरी खोली पाऊणपटच भासते : ४० सेंटिमीटर खोल असलेला मासा ३० सेंटिमीटरवर दिसतो. तिरके पाहिले की हा फरक आणखी वाढतो. तुम्ही दिसणाऱ्या माशावर नेम धरता, म्हणून बाण खऱ्या माशाच्या वरून जातो. अमेरिकेतले मासे मारणारे एक ठोकताळा वापरतात. आपल्या मापांत तो असा : मासा सुमारे ३ मीटरवर आणि ३० सेंटिमीटर खोल असेल, तर नेम सुमारे १० सेंटिमीटर खाली धरावा. खोली दुप्पट झाली तर हे अंतरही साधारण दुप्पट धरावे. सरावासाठी प्लॅस्टिकच्या बाटलीत वाळू भरून ती ठरावीक खोलीवर दोरीने सोडा आणि वेगवेगळ्या कोनांतून मारून स्वतःचा अंदाज बसवा.

तुमचे शेततळे कागद घातलेले असेल, तर मात्र हा सराव तिथे करू नका. माशाला न लागलेला बाण तळापर्यंत जातो, त्याचे काटे प्लॅस्टिकच्या अस्तरात रुततात आणि बाण ओढून काढताना कागद फाटतो. एका बाणाने पडलेले भोक शोधण्यासाठी अख्खे तळे उपसावे लागेल.

प्रश्न : आमच्याकडे चार महिने धुवांधार पाऊस. धनुष्य कसे ठेवावे?
— एक वाचक, गगनबावडा

उत्तर : वापरल्यावर धनुष्य गोड्या पाण्याने धुवा आणि सुती कापडाने पुसून सावलीत वाळवा. कॅमच्या फटींत आणि पिनेच्या कडेला चिखल राहिला, तर तो घासकागदासारखे काम करतो. म्हणून पिनेला घट्ट ग्रीस लावू नका. ग्रीस चिखल धरून ठेवते. पातळ तेलाचा एक थेंब पुरतो आणि तोही दोरीवर किंवा कृत्रिम धाग्याच्या केबलवर जाऊ देऊ नका. दोरीला धनुष्याचेच मेण चोळा. केबल पोलादी असेल आणि तिच्यावर प्लॅस्टिकचे आवरण असेल, तर आवरणाला चीर पडलेली जागा नीट पाहा. पाणी तिथून आत शिरते आणि गंज वरून दिसत नाही. पोलादी पिन मॅग्नेशियमच्या रायझरमध्ये ओली राहिली तर रायझर पांढऱ्या पुडीसारखा खाल्ला जातो. तशी पूड दिसली तर पिन काढून जागा स्वच्छ करून घ्या आणि मधला नायलॉनचा वॉशर बदला.

धनुष्य भिंतीला टेकवून उभे ठेवू नका, दोन रुंद खुंट्यांवर आडवे ठेवा. पेटीत ठेवत असाल तर सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि पंधरवड्यातून एकदा उघडून हवा लागू द्या. पाऊस संपला की ऑक्टोबरच्या उन्हात ते बंद गाडीत विसरू नका, कारण तापलेल्या गाडीत पात्यांचे थर चिकटवणारा पदार्थ सैल पडू शकतो. चार महिन्यांनी पहिला बाण मारण्याआधी कापसाचा बोळा पुन्हा एकदा चारही पात्यांवरून फिरवा आणि मुठीपासून दोरीपर्यंतचे अंतर पावसाळ्याआधी लिहून ठेवलेल्या आकड्याशी ताडून पाहा.